दक्षिण दिशा

आपल्या विद्यालयाच्या सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेसाठी ‘समाज आणि शिक्षक’ या विषयावर लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा मी प्रथम नकारच कळविला होता. सदतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकविण्यात गेलेल्या माणसाने या विषयावर लिहिणे म्हणजे एक तर स्वतःचा गौरव करून घेणे, नाही तर गाऱ्हाणे मांडणे. शिक्षकांच्या संमेलनांत मी दोन्ही पुष्कळ ऐकले आहे. पुढे काही दिवसांनी मनात आले, की आपल्यापाशी सांगण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती गौरवातही बसत नाही व गाऱ्हाण्यातही बसत नाही. ती सांगण्याची जागाही हीच. कारण तिचा एक धागा याच विद्यालयाच्या प्रवेश अर्जापाशी येऊन तुटला आहे.

माझे कालकथित वडील सालगडी होते. गावच्या शाळेतील गुरुजी शेजारच्या मोठ्या गावाहून सायकलने येत. पांदणीच्या वळणावर त्यांची सायकल दिसली, की वडील डोक्यावरचा भारा खाली उतरवून बाजूला उभे राहत आणि गुरुजी पुढे गेल्यावरच तो पुन्हा उचलीत. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटे. आपला बाप शिक्षकाला किती मान देतो, असे मी मानीत असे. मोठेपणी कळले, की गावच्या पाटलाची बैलगाडी आली तरी वडील तसेच उभे राहत. त्या उभे राहण्यात विद्येविषयीचा आदर किती आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सवय किती, हे वेगळे काढून दाखविणे त्यांनाही साधले नसते.

हे गुरुजी शिकविण्यात अत्यंत निष्णात होते. पावकी, निमकी, दीडकी त्यांनी आमच्याकडून अशी घोटून घेतली, की आजही बाजारात हिशेब करताना मला कागद लागत नाही. फळ्यावर ते पुस्तकात न पाहता महाराष्ट्राचा नकाशा काढीत आणि त्यात तापी, पूर्णा, गोदावरी एका रेषेत उतरवीत. मात्र आम्हा चौघा मुलांच्या वह्या आम्ही जमिनीवर ठेवायच्या आणि त्या त्यांनी पट्टीच्या टोकाने पुढे ओढून घ्यायच्या, असा रिवाज होता. गणित चुकले तर इतरांच्या हातावर छडी बसे. आमच्या दिशेने ती फेकली जाई आणि ती उचलून टेबलाच्या कडेला आम्हीच नेऊन ठेवायची. अस्पृश्यता कायद्याने नष्ट होऊन तेव्हा वीस वर्षे उलटली होती. गावात याविषयी कोणी बोलत नसे, आमच्या वस्तीतही नाही. गुरुजी चांगले शिकवितात, एवढेच सर्वत्र बोलले जाई.

१९७४ च्या उन्हाळ्यात हेच गुरुजी आमच्या वस्तीच्या तोंडाशी असलेल्या निंबाखाली येऊन उभे राहिले आणि त्यांनी वडिलांना बोलावून घेतले. “याले बोर्डिंगात टाक. इथं राह्यला तं ढोरामांगं जाईल,” एवढेच ते म्हणाले. या विद्यालयाला सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती. आमच्या वस्तीत त्याचे नावही कोणी ऐकले नव्हते. गुरुजींना ते कसे कळले, मला ठाऊक नाही. अर्ज त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात भरला, दाखल्यांसाठी तहसिलीत कोणाकडे जायचे ते सांगितले आणि अर्जाची शेवटची तारीख वडिलांकडून तीनदा पाठ म्हणून घेतली. वडिलांचा अंगठा घेताना शाईचा पॅड मात्र त्यांनी जमिनीवर ठेवला.

मी पाचवीला येथे दाखल झालो. तेव्हा टिनाचे दोन लांब शेड होते, एक झोपण्याचे व एक शिकण्याचे, आणि सायंकाळची वंदना अंगणात होई. पहिल्याच पावसाळ्यात निम्म्या मुलांना खरूज झाली. आमचे अधीक्षक सर मराठी शिकवीत. ते औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून आलेले होते. त्यांनी गंधकाच्या मलमाचा डबा आणविला आणि रोज रात्री कंदिलाच्या उजेडात प्रत्येक मुलाला समोर बसवून बोटांच्या बेचक्यांत, कोपरांत, पाठीवर स्वतःच्या हाताने ते मलम चोळले. माझी पाळी आली तेव्हा मी सवयीने दोन हात मागे सरकून बसलो. सर काही बोलले नाहीत. त्यांनी माझे मनगट धरून मला जवळ ओढले. चार वर्षे शाळेत जाऊनही कोणा शिक्षकाचा हात मला लागला नव्हता, हे त्या क्षणी मला प्रथमच जाणवले. त्यानंतर सरांनाही खरूज झाली आणि आम्ही मुले फार हसलो.

विनयपिटकातील ती प्रसिद्ध कथा मी पुष्कळ वर्षांनी वाचली. एक भिक्खू अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच मळमूत्रात लोळत आहे, त्याची शुश्रूषा करणारे कोणी नाही. भगवान बुद्ध आनंदाला पाणी आणावयास सांगतात, दोघे मिळून त्याला स्नान घालतात, उचलून बिछान्यावर ठेवतात आणि मग संघाला एकमेकांच्या सेवेविषयी समज देतात. सरांनी ही कथा आम्हाला कधी सांगितली नव्हती. वाचताना मला गंधकाचा वास आला.

मिलिंद महाविद्यालयाविषयी एक गोष्ट सर वारंवार सांगत. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या या महाविद्यालयाला नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्या राजाचे, आणि त्याच्या भोवतीचा परिसर ओळखला जातो तो उत्तरे देणाऱ्या भिक्खूच्या, नागसेनाच्या नावाने. “इमारत विद्यार्थ्याची, शिक्षकाला फक्त झाडे!” असे म्हणून सर हसत. विनोद म्हणून तो बेताचाच होता. परंतु शिक्षकाचे स्थान कोठे आहे, हे मला त्यातून जितके समजले तितके नंतरच्या कोणत्याही प्रशिक्षणातून समजले नाही.

आपल्या समाजाने शिक्षकाकडे कधीच केवळ शिकविणारा नोकरदार म्हणून पाहिले नाही. त्याला कारण आहे. आपल्या आठवणीतले शिक्षक दोन टोकांचे आहेत. एका टोकाला साताऱ्याची ती शाळा आहे, जिच्यात १९०० साली दाखल झालेल्या लहान भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज तहान भागविता येत नसे. दुसऱ्या टोकाला केळूसकर गुरुजी आहेत. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचीत बसणाऱ्या एका मुलाची त्यांनी स्वतः होऊन चौकशी केली, तो १९०७ साली मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले आणि पुढे त्याच्यासाठी बडोद्याच्या महाराजांपर्यंत शब्द टाकला. ते त्याच्या शाळेतले शिक्षकही नव्हते. त्या पुस्तकापासून १९५६ च्या नागपूरपर्यंतचा रस्ता किती सरळ होता, याविषयी अभ्यासक मतभेद दाखवितील. आपल्या वस्त्यांतील माणसे मात्र तो सरळच मानतात, आणि मला ते खोटे वाटत नाही.

आणि या दोन्ही टोकांच्या आधी सावित्रीबाई आहेत. १८४८ पासूनच्या त्यांच्या अध्यापनाची, अंगावर टाकलेल्या शेणाची व चिखलाची आठवण आपण दर ३ जानेवारीला काढतो. त्यांच्या अखेरच्या दिवसांचे स्मरण मात्र त्या मानाने कमी होते. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याजवळच्या वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. मूल वाचले, सावित्रीबाईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. शाळा तर फार पूर्वीच मागे पडली होती. तरीही ते मूल पाठीवर घेणारी बाई आपल्या मनात शिक्षिकाच असते.

अशा आठवणी बाळगणारा समाज शिक्षकाकडून फार मागतो. ते मला १९८४ साली कळले.

डी.एड. होऊन त्या वर्षी मी एका दूरच्या गावी रुजू झालो. पहिल्या दिवशी सरपंचांनी शाळेत येऊन हार घातला, चहा मागविला आणि गावात खोलीची व्यवस्था करण्याचे आश्वासन दिले. मग त्यांनी आडनाव विचारले. आडनावावरून अंदाज येईना म्हणून गाव विचारले, आणि गावावरूनही येईना म्हणून कोणाचे पाहुणे ते विचारले. मी सरळ ‘जयभीम’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी कळले, की खोलीत कुटार भरलेले आहे. गावातील आणखी दोन खोल्यांतही कुटारच होते. त्यांतील एकीच्या खिडकीतून मी आत डोकावून पाहिले होते. आत एक रिकामी बाज होती.

पुढील नऊ वर्षे शाळेत मी ‘सर’ होतो. १५ ऑगस्टला झेंड्याची दोरी माझ्या हाती असे, कोणाच्या मुलाचा निकाल लागला की पेढे मला येत, आणि मुले गणितात तालुक्यात पुढे असत याचा गावाला सार्थ अभिमान होता. शाळेच्या फाटकाबाहेर काय होतो, ते सांगण्याची गरज नाही. याबद्दल माझ्या मनात आता कडवटपणा उरलेला नाही. किंबहुना त्याच वर्षांनी मला बौद्धवाड्यात आणून सोडले, आणि तेथे जे मिळाले ते शहरात मिळाले नसते.

बौद्धवाड्यात शिक्षक म्हणजे कोण, याची व्याख्या कोणी करीत नसे. तारेचा मजकूर वाचून दाखविणारा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरणारा, रोजगार हमीच्या मस्टरवरील हजेऱ्या तपासून देणारा, सोयरिकीला सोबत जाणारा, जयंतीच्या वर्गणीत पहिली पावती फाडणारा, आणि विहारात वंदना चुकली तर दुरुस्त करणारा. रात्री अकरा वाजता दार वाजे आणि कोणीतरी म्हणे, “गुरुजी, एक कागद पाहून घ्या.” या सगळ्याचा मला त्रास होत असे, हे कबूल करतो. परंतु शेणाने सारवलेल्या ज्या खोलीत मी राहत होतो तिचे भाडे नऊ वर्षांत कोणी मागितले नाही, आणि लग्न होईपर्यंत माझे जेवण शेजारच्या एका आजीकडे होते. ती पहिली भाकरी मला वाढी आणि मगच घरातल्यांना.

सिगालोवाद सुत्तात एक तरुण गृहस्थ पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत असतो. बुद्ध त्याला या दिशांचा खरा अर्थ समजावून देतात. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, आणि याप्रमाणे बाकीच्या चार. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात हा उपदेश उपासकांच्या विनयात घेतला आहे. आमच्याकडे दक्षिणेला घराचे तोंड ठेवीत नाहीत, ती यमाची दिशा म्हणून. लोक जिला पाठ दाखवितात तीच दिशा शिक्षकाला मिळावी, ही गंमत मला फार आवडते. विद्यार्थ्याने आचार्याचा मान कसा राखावा हे तेथे सांगितले आहे. पण तेवढेच सांगून सुत्त थांबत नाही. आचार्याचीही कर्तव्ये मोजून सांगितली आहेत. नीट शिकवावे, शिकविलेले नीट समजले आहे हे पाहावे, काही हातचे राखू नये, मित्रमंडळीत त्याच्याविषयी चांगले बोलावे. आणि पाचवे, सर्व दिशांना त्याच्या रक्षणाची तजवीज करावी. हे सुत्त मी विहारात अनेकदा वाचून दाखविले आहे. विद्यार्थ्यांच्या कर्तव्यांवर मी जरा जास्त वेळ बोलत असे.

१९९३ साली माझी मुलगी पहिलीला जाण्याएवढी झाली. मी तालुक्याला बिऱ्हाड हलविले आणि तिला तेथील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. मी मोटारसायकलवर अपडाऊन करू लागलो. निर्णय चूक होता, असे मी आजही म्हणणार नाही. प्रत्येक बाप तो करतो. त्या आठवड्यात आजीने मला शाळेच्या वाटेवर थांबविले. “गुरुजी, तुमची पोरगी तुमच्याच शायेत काऊन नाई शिकत?” तिने ते टोमणा म्हणून विचारले नव्हते. तिला खरोखरच कळत नव्हते. मी काहीतरी उत्तर दिले. बाबासाहेबांनी १९५६ च्या मार्च महिन्यात आग्र्याला शिकलेल्यांविषयी जी खंत व्यक्त केली, ती मी भाषणांतून कितीदा सांगितली होती. पण त्या वाटेवर मला ती आठवली नाही. घरी आल्यावर आठवली.

त्याच आजीचा नातू त्या वर्षी माझ्याकडे चौथी पास झाला होता. बाप वारलेला, आई रोजंदारीवर. मुलगा असा, की फळ्यावर उदाहरण लिहून होण्यापूर्वी त्याचे ओठ उत्तर पुटपुटत. मी आजीला सांगितले होते, की याला मी आमच्या बोर्डिंगात घालतो. मी सांगितल्यावर तिने दुसऱ्या कोणाला विचारले नाही. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळे कागद तिने चार चकरा मारून जमविले आणि एप्रिलच्या अखेरीस एका कापडी पिशवीत घालून माझ्या हाती दिले. अर्ज भरून अंगठा घेण्याचे तेवढे माझ्याकडे राहिले होते.

मे महिन्यात बिऱ्हाड हलविताना ती पिशवी ट्रंकेत गेली. पुढे नवे घर, मुलीचा प्रवेश, तिचा गणवेश, गॅसचा नंबर. पोळ्याच्या सुमारास पत्नीने ट्रंक उघडली तेव्हा पिशवी वर आली. विद्यालयाचे प्रवेश दोन महिन्यांपूर्वीच संपले होते. मी येथे येऊन कोणाला भेटलोही नाही. भेटलो असतो तर कदाचित काही मार्ग निघाला असता. त्या काळी येथे असे मार्ग निघत असत. भेटायला आलो तर ‘तुम्ही जूनमध्ये का आला नाहीत?’ हा प्रश्न येणार होता.

आजीने विचारले तेव्हा मी म्हणालो, “यंदा जागा भरल्या.”

ती म्हणाली, “तुमी म्हनता तं भरल्याच असतीन.”

कालामांना बुद्धांनी सांगितले होते, की एखादी गोष्ट आपल्या गुरूने सांगितली एवढ्याच कारणाने ती खरी मानू नका. ते सुत्त मला पाठ आहे. आजीला कोणी ते शिकविले नव्हते. नऊ वर्षे विहारात वंदना घेणारा मीच होतो.

मुलगा त्या दिवाळीत मामाबरोबर वीटभट्टीवर गेला आणि परत आला नाही. माझ्या हजेरीपटावर त्याचे नाव तेव्हा नव्हतेच, त्यामुळे ते कमी करण्याचाही प्रसंग आला नाही. पुढच्या वर्षी शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत, अशी तक्रार गावातून वरिष्ठांकडे गेली. तिच्यावर पहिली सही, ज्यांच्या खोलीत कुटार होते त्यांचीच होती. सहकारी म्हणाले, खुलाशात ते कुटाराचे प्रकरण सविस्तर लिहा. मी लिहिले नाही. तक्रार खरी होती.

ज्या गुरुजींनी मला कधी हात लावला नाही त्यांनी माझा अर्ज मुदतीत भरला. ज्याला त्या आजीने पहिली भाकरी वाढली त्याने तिच्या नातवाचा अर्ज ट्रंकेत ठेवला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून मी अनेक रात्री पाहिल्या आहेत. गुरुजींच्या अर्जाने त्यांनी फेकलेली छडी धुऊन निघत नाही, हे मी आजही ठामपणे म्हणेन. आणि त्यांना मी क्षमा केली असे म्हणणेही खोटे होईल, कारण त्यांनी ती कधी मागितली नाही. पण अर्जाची तारीख बापाकडून तीनदा वदवून घेणारा तो माणूस मला या एका बाबतीत माझ्यापेक्षा मोठा शिक्षक वाटतो. हे लिहिताना हात जड होतो.

२०१९ च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी मी दीक्षाभूमीवर होतो. पुस्तकांच्या एका दुकानाशी पंचेचाळिशीकडे झुकलेला वाटावा असा, प्रत्यक्षात बराच तरुण असणारा एक गृहस्थ मुलांसाठी पुस्तके निवडीत होता. त्यानेच मला ओळखले. पुण्याला सेंट्रिंगची कामे घेतो, हाताखाली सहा माणसे आहेत, स्वतःचे दोन खोल्यांचे घर आहे, असे त्याने सांगितले. पत्नी व दोन्ही मुलांना पुढे करून तो म्हणाला, “हे आमचे सर.” मग माझ्याकडे वळून अगदी सहजपणे म्हणाला, “आजी मरेपर्यंत सांगायची, सरांनी लई धडपड केली, पण बोर्डिंगात जागाच नव्हती.”

गर्दी फार होती, मागून लोक ढकलीत होते. मी मुलांच्या डोक्यावरून हात फिरविला, कितवीत आहेत ते विचारले, आणि त्यांच्या पुस्तकांचे पैसे देऊ लागलो. ते त्याने देऊ दिले नाहीत.

या स्मरणिकेची एक प्रत मी त्याला पाठविणार आहे. त्याचा पत्ता त्याच्या मुलीने त्या दिवशी माझ्या डायरीत लिहून दिला होता. तिचे अक्षर फार सुवाच्य आहे.